टॅब कपाटात गेले आणि एका मुलीचा फळाही गेला: आठवीच्या एका वर्गाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका माध्यमिक शाळेतल्या आठवीच्या तुकडीत टॅब आणि मोबाइलवर आणलेल्या बंदीचं आहे. मी त्या तुकडीची वर्गशिक्षिका होते आणि विज्ञान शिकवत होते. कुणाची ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. निर्णय कोणत्या क्रमाने झाले ते मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे, कारण चूक त्या क्रमातच होती.

वर्गात ४४ मुलं. सातवीत असताना प्रत्येकाला शाळेकडून एक टॅब मिळाला होता आणि तो घरी न्यायची मुभा होती. वर्षभरात एकेक गोष्ट त्यावर सरकत गेली: आधी पाठ्यपुस्तकं, मग प्रश्नमंजूषा, मग गृहपाठ, शेवटी सूचनाही. शिवाय बऱ्याच जणांच्या दप्तरात स्वतःचा मोबाइल असायचाच.

टॅबचा उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे दिसतात, ही समजूत मुलांच्या डोक्यात इतकी घट्ट असते की फळ्यावरच्या आकृतीने ती हलत नाही. टॅबवर बोटाने चंद्र फिरवत, त्याच वेळी पृथ्वीवरून तो कसा दिसेल हे शेजारच्या चौकटीत बघताना एक मुलगा एकदम म्हणाला, "बाई, म्हणजे चंद्राचा अर्धा भाग कायम उजेडातच असतो की!" इतकी वर्षं आकृत्या काढूनही हे वाक्य माझ्या वर्गात कुणी आपणहून म्हटलं नव्हतं. गणिताच्या तासाला मुलं एक आकडा सरकवून रेषेचा चढ वाढताना आणि कमी होताना बघत. पाच प्रश्नांची मंजूषा दिली की कोणता प्रश्न अर्ध्या वर्गाला जमला नाही ते त्याच मिनिटाला समजे, आणि तो भाग दुसऱ्या दिवशीवर न ढकलता तिथेच पुन्हा घेता येई. पाय मोडून घरी बसलेला एक मुलगा महिनाभर घरून वर्गाला जोडलेला राहिला. हे सगळं खरं आहे, आणि पुढे जे घडलं ते वाचताना ते लक्षात असू द्यावं.

अडचण कुठे दिसू लागली

आधी दिसली ती वह्यांमध्ये. तास संपत आला की मुलं फळ्याचा फोटो काढायची. सुरुवातीला मला त्यात गैर वाटलं नाही, उलट लिहिण्यातला वेळ वाचतो म्हणून मी ते चालू दिलं. सहामाहीत पचनसंस्थेची आकृती काढायला दिली तेव्हा निम्म्याहून जास्त मुलांना भागांची नावं माहीत होती, पण कुठला भाग कुठे जोडलेला असतो ते सांगता येईना. एका मुलाच्या टॅबमध्ये फळ्याचे शेकडो फोटो निघाले. परीक्षेआधी त्यांतले किती पाहिलेस, असं विचारल्यावर तो खाली बघत राहिला.

याविषयीचा एक अभ्यास पुढे माझ्या वाचनात आला. लिंडा हेंकेल या अमेरिकन संशोधिकेने संग्रहालयात लोकांना काही वस्तू नुसत्या पाहायला आणि काहींचे फोटो काढायला सांगितले. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ज्यांचे फोटो काढले त्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. फोटो काढला की काम झालं, असं मन धरून चालत असावं. याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मला तेव्हा नुसता किरकोळ वाटला: वस्तूच्या एका भागावर झूम करून फोटो काढणाऱ्यांच्या बाबतीत ही घट दिसली नाही. हे झूम पुढे आमच्यासमोर अगदी वेगळ्याच कारणाने येणार होतं.

दुसरी खूण होती पहिल्या तासाची. मुलं जांभया देत. विचारलं तर उत्तर एकच: "बाई, गृहपाठ रात्री आला." हे उत्तर मी सबब म्हणून सोडून दिलं.

तिसरी गोष्ट घडली आणि सगळ्यांनाच हलवून गेली. एका मुलीचा वर्गात डुलकी लागलेल्या अवस्थेतला फोटो कुणीतरी चोरून काढला आणि रात्री मुलांच्या ग्रुपवर टाकला. सकाळपर्यंत त्यावर नको ते लिहून झालं होतं. मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी तिचे आईवडील आले, आणि त्यांचा प्रश्न साधा होता: "यंत्र शाळेने दिलं, फोटो शाळेत निघाला. आता शाळा काय करणार?"

अर्धवट राहिलेलं निरीक्षण

या घटनेच्या चार दिवस आधी गणिताच्या बाई आणि मी एक काम हाती घेतलं होतं. रोज एका तासाला आमच्यापैकी एकीने शेवटच्या बाकावर बसायचं आणि पडद्यांवर काय चाललंय ते नोंदवायचं. दोन आठवडे हे करायचं ठरलं होतं.

शिकवणाऱ्याला समोरून टॅबची पाठ दिसते, शेवटच्या बाकावरून पडदे दिसतात. चारच दिवसांत लक्षात आलं की भलतंच काही उघडून बसणारी मुलं मोजकी होती. खेळ तर क्वचितच. पण त्यांच्या मागे आणि बाजूला बसलेल्या मुलांच्या नजरा सारख्या तिकडे वळत होत्या. ज्यांच्या स्वतःच्या टॅबवर धडाच उघडा होता, तीही मुलं मनाने त्या तासाला नव्हती. कॅनडात फारिया साना आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये हेच मोजून दाखवलं आहे: व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर इतर कामं करणाऱ्यांचे गुण चाचणीत ११ टक्क्यांनी कमी आले, आणि ज्यांना नुसता दुसऱ्याचा तो पडदा दिसत होता त्यांचे १७ टक्क्यांनी. म्हणजे हा फक्त ज्याच्या हातात यंत्र आहे त्याचा वैयक्तिक प्रश्न नाही. बाकांची रचना बदलूनही त्यातलं काही साधलं असतं.

पाचव्या दिवशी फोटोचं प्रकरण झालं आणि निरीक्षण तिथेच थांबलं. कुणी थांबवा म्हटलं नव्हतं. आता बघत बसायची वेळ नाही, असं आम्हा दोघींनाही वाटलं.

समोर असलेले पर्याय

मुलीचे आईवडील येऊन गेले त्या संध्याकाळी शिक्षकांची बैठक झाली.

संगणकाच्या सरांनी सुचवलं की टॅबवर नियंत्रणाचं सॉफ्टवेअर घालावं, ठरावीक ॲपच उघडतील असं करावं. ते शाळेच्या टॅबवर चाललं असतं. दप्तरातल्या मोबाइलवर त्याचा काही अंमल चालणार नव्हता, आणि फोटो नेमका मोबाइलवरून निघाला होता.

मुलांशी बोलून त्यांच्याकडूनच नियम करून घ्यावेत, असं एकजण म्हणाले. चांगला विचार होता. पण समोर दुखावलेले पालक आणि शाळेत न येणारी मुलगी असताना "आम्ही मुलांशी चर्चा करतो आहोत" हे उत्तर कुणालाच पुरेसं वाटेना.

मुख्याध्यापिकांचा कल सरसकट बंदीकडे होता आणि त्यांच्याकडचे दाखले पोकळ नव्हते. फ्रान्सने २०१८मध्ये कायदा करून शाळेतला मोबाइलचा वापर बंद केला. इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या ९१ शाळांचा अभ्यास लुई-फिलिप बेलॅंड आणि रिचर्ड मर्फी यांनी केला, त्यात मोबाइलबंदीनंतर परीक्षेतले गुण सुधारले, आणि ती सुधारणा मुख्यतः अभ्यासात मागे असलेल्या मुलांची होती. आमच्या वर्गात अशी मुलं बरीच होती. माझंही मन तिकडे झुकलं.

मला एक शंका आली होती आणि ती मी बैठकीत मोठ्याने बोलले नाही. तो अभ्यास मोबाइलबद्दल होता. आम्ही मोबाइलबरोबर टॅबही बंद करायला निघालो होतो, आणि वर्गाचं निम्मं काम तोवर टॅबवर उभं होतं. पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २०२२च्या अहवालात दोन्ही बाजू आहेत. ही चाचणी घेणाऱ्या ओईसीडी या, बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या देशांत सरासरी ६५ टक्के मुलांनी सांगितलं की गणिताच्या निदान काही तासांना यंत्रामुळे त्यांचं लक्ष विचलित होतं. त्याच अहवालात, शाळेत शिकण्यासाठी दिवसाला तासाभरापर्यंत यंत्र वापरणाऱ्या मुलांचे गणितातले गुण, अजिबात न वापरणाऱ्यांपेक्षा सरासरी १४ अंकांनी जास्त होते. यावरून कारण आणि परिणाम सिद्ध होत नाही, पण "सगळं काढून घ्या" असंही त्यातून निघत नाही. हे त्या दिवशी बोलायला हवं होतं.

चौथा पर्याय होता कामानुसार वापराचा: टॅब वर्गातल्या कपाटात राहतील, ज्या तासाला ज्या कामासाठी लागतील तेवढ्यापुरते बाहेर येतील. याला तयारी लागणार होती. बंदी दुसऱ्या दिवशी सकाळी लागू करता येत होती. आम्ही बंदी निवडली, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर तिचा सर्वांत मोठा गुण हाच होता.

पहिला निर्णय आणि त्याचे सहा आठवडे

मोबाइल आणि टॅब सकाळी कपाटात, सुटताना परत. कुणालाही सवलत नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत जे दिसलं त्याने आम्ही सुखावलो. मधल्या सुट्टीत गोंगाट परत आला. वह्या भरू लागल्या. आकृत्या वाकड्यातिकड्या का होईना, हाताने निघू लागल्या.

त्याच सुमारास फोटोत होती ती मुलगी परत आली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती शिक्षकखोलीच्या दाराशी घुटमळत उभी होती. आत बोलावलं तेव्हा म्हणाली, "बाई, सगळे म्हणतात माझ्यामुळे टॅब गेले." तिचे आईवडील शाळेत आले आणि पुढच्याच सकाळी बंदी आली, मग मुलांनी दुसरा काय अर्थ लावायचा? आधी तिचा फोटो निघाला आणि आता वर्गाच्या नुकसानीचं खापरही तिच्याच माथी आलं होतं. भरीला आम्ही तिला चौकशीसाठी सर्वांच्या देखत वर्गातून बोलावून नेलं होतं. काय व्हायला हवं, असं तिला आम्ही कुणी तोवर विचारलंच नव्हतं. विचारलं तेव्हा तिने दोनच गोष्टी मागितल्या: फोटो सगळ्यांकडून पुसला जावा, आणि वर्गात तिच्याबद्दल काही बोललं जाऊ नये.

पाचव्या आठवड्यात दुसरी गोष्ट उघडकीस आली, आणि माझ्यासाठी हे सगळं प्रकरण तिच्यापाशीच येऊन थांबतं.

तिसऱ्या बाकावर बसणारी एक मुलगी शांत, नीटनेटकी, वही कायम पूर्ण. एके दिवशी तिची शेजारीण गैरहजर होती. तास संपला तेव्हा तिच्या वहीत फक्त तारीख होती. मी विचारलं तर ती गप्प. शेवटी म्हणाली, "मला फळा दिसत नाही, बाई." तिला अल्पदृष्टी होती, चष्म्यानेही ती पुरती भरून निघत नव्हती. शाळेच्या कागदपत्रांत त्याची नोंद होती. वर्षभर ती फळ्याचा फोटो काढायची, तो टॅबवर मोठा करायची आणि मग वहीत उतरवायची. वर्ग ज्या सवयीने लिहिणं विसरला, त्याच सवयीच्या आधाराने ही मुलगी लिहीत होती. बंदी आल्यावर पाच आठवडे ती शेजारणीच्या वहीवरून लिहीत राहिली. सांगितलं का नाही, असं विचारल्यावर म्हणाली, "नियम सगळ्यांना होता ना."

हे उत्तर मला अजून बोचतं. फळ्याचा फोटो काढणाऱ्या ४४ मुलांकडे मी एकच गोष्ट म्हणून बघत होते.

त्यानंतर आम्ही प्रत्येक मुलाला एकेकटं विचारलं. वाचताना अक्षरांत अडखळणारा एक मुलगा धडा टॅबकडून वाचून घेत ऐकायचा, तेही बंद झालं होतं. त्याचे भाषेतले गुण घसरले होते आणि आम्ही ते आळसाच्या खात्यावर टाकले होते.

रात्रीचा प्रश्न

पालकसभेत एका वडिलांनी सांगितलं की शाळेत बंदी असली तरी घरी काही फरक नाही, मुलगा रात्री दहापर्यंत टॅबवर असतो. "का?" या प्रश्नाला ते म्हणाले, "तुमचा गृहपाठ त्यावरच येतो."

त्या रात्री मी घरी बसून दोन आठवड्यांतले शिक्षकांचे संदेश वेळेनुसार लावले. शाळा सुटल्यानंतर, संध्याकाळी, रात्री, असे ते येत होते. रात्री नऊनंतरचे तीन होते, आणि ते तिन्ही माझे होते. मुलं जांभया देत जे सांगत होती ते अक्षरशः खरं होतं. झोपण्याआधी पडद्याचा उजेड नको, असं आम्ही पालकांना आवर्जून सांगायचो. अमेरिकेत १२ प्रौढांवर केलेल्या, २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उजेडाच्या पडद्यावर वाचणाऱ्यांना झोप लागायला सुमारे १० मिनिटं जास्त लागली होती. उजेडाचा परिणाम आहेच. पण आमच्या मुलांना जागं ठेवणारी मुख्य गोष्ट उजेड नव्हती, काहीतरी अजून यायचं आहे ही वाट बघणं होती, आणि ती वाट आम्ही बघायला लावत होतो.

इंग्लंडमधल्या ३० शाळांचा २०२५मध्ये आलेला एक अभ्यास हेच सांगतो. मोबाइलवर कडक निर्बंध असलेल्या शाळांत शाळेच्या वेळेतला वापर कमी होता, दिवसभराचा एकूण वापर मात्र तेवढाच, आणि मुलांच्या मानसिक स्वास्थ्यातही फरक दिसला नाही.

दुसरी मांडणी

सातव्या आठवड्यापासून मोबाइल बंदच ठेवला. त्यावर कुणाचं दुमत नव्हतं. टॅबसाठी चौथ्या पर्यायाकडे परत गेलो.

टॅब कपाटात राहतात. शिक्षक तासाच्या सुरुवातीला सांगतात की आज टॅब किती वेळ आणि कशासाठी. काम संपलं की एकच सूचना: "पालथे ठेवा." फळ्याचा फोटो नाही, वहीत लिहायचं, आणि त्यासाठी तासाची शेवटची काही मिनिटं राखून ठेवायची. या मिनिटांवरून शिक्षकांत बरीच कुरबूर झाली, कारण अभ्यासक्रम मागे पडतो. पडतोच थोडा.

सर्वांत जास्त वाद झाला तो सवलतीवर. कुणाला टॅब बाकावर ठेवू द्यायचा? ज्यांच्याकडे डॉक्टरांचं पत्र आहे त्यांना, असं काहींचं म्हणणं होतं. नियम म्हणून ते स्वच्छ होतं. पण त्या मुलीने पाच आठवडे तोंड उघडलं नव्हतं ते वेगळं दिसायला नको म्हणून. पत्र दाखवून मिळणारा टॅब तिने नाकारला असता. शेवटी आम्ही पुढच्या दोन बाकांवर चार टॅब स्टँडवर कायमचे ठेवले. ज्याला फळा मोठा करून बघायचा आहे किंवा धडा ऐकायचा आहे त्याने तिथे बसावं, कारण सांगायची गरज नाही. पहिल्या आठवड्यात काही मुलं नुसत्या हौसेने तिथे जाऊन बसली. मग पुढच्या बाकाची हौस ओसरली.

गृहपाठ फळ्यावर, शेवटच्या घंटेच्या आत, डायरीत उतरवून घ्यायचा. संध्याकाळी सहानंतर शिक्षकांकडून काहीही जाणार नाही. मुलांपेक्षा आम्हा शिक्षकांनाच हे जड गेलं. उशिरा घरी येणाऱ्या काही पालकांनीही हरकत घेतली, मुलाला आज काय दिलंय ते त्यांना संदेशातूनच कळायचं. त्यांच्यासाठी आठवड्याचा तक्ता शुक्रवारी एकदाच पाठवायचं ठरलं.

काय साधलं, काय नाही

वार्षिक परीक्षेत आकृत्या सहामाहीपेक्षा चांगल्या होत्या. पण तेव्हा प्रश्नही वेगळे होते आणि मी आकृत्यांवर जास्त वेळ दिला होता, म्हणून याचं श्रेय नव्या नियमाला द्यायला मी धजत नाही. आम्ही आधी काही मोजूनच ठेवलं नव्हतं, तर नंतर तुलना कशाशी करणार? पहिल्या तासाच्या जांभया कमी झाल्या असं तीन शिक्षकांनी सांगितलं. प्रश्नमंजूषा परत आल्या आणि त्याचा मला स्वतःला फार आनंद झाला.

अल्पदृष्टी असलेली मुलगी दुसऱ्या बाकावर बसू लागली. चार टॅबपैकी एक तिचाच असल्यासारखा झाला. फोटो झालेली मुलगी वर्गात हळूहळू रुळली. "तुझ्यामुळे" हा शब्द टॅब परत आल्यावर थांबला, आम्ही समजावल्यामुळे नाही.

पुन्हा करायची वेळ आली तर

शिस्तीचा प्रश्न आणि यंत्राचा प्रश्न मी एकाच आठवड्यात हाताळणार नाही. फोटो काढणं ही एका मुलाने एका मुलीशी केलेली वागणूक होती. तिचं उत्तर त्या दोघांच्या पातळीवर, मुलीला आधी विचारून, बंद दाराआड द्यायला हवं होतं. यंत्राचा निर्णय त्यानंतर काही आठवड्यांनी, वेगळ्या कारणांसह सांगितला असता तर तिच्यावर तो बोल आला नसता.

शेवटच्या बाकावरचं निरीक्षण दोन आठवडे पूर्ण केलं असतं, तर फळ्याचा फोटो काढून तो मोठा करत बसलेली मुलगी तिथूनच दिसली असती. चार दिवस आम्ही चुकीचं वापरणाऱ्यांनाच शोधत होतो. त्यामुळे बरोबर वापरणारी मुलगी डोळ्यांसमोर असून नोंदीत आली नाही.

आणि काहीही काढून घेण्याआधी विचारणार. आता वर्षाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला एक कागद देतो. नाव लिहिणं ऐच्छिक असतं. प्रश्न दोनच: टॅबशिवाय तुला वर्गात काय जमत नाही? आणि टॅबमुळे तुला काय जमेनासं झालं आहे? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांतून गेल्या वर्षी आणखी एक मुलगा सापडला, त्याला एका कानाने कमी ऐकू येतं आणि तो चित्रफितीखालची अक्षरं वाचून धडा समजून घेत होता.

दुसऱ्या प्रश्नाखाली या वर्षी एका निनावी कागदावर लिहिलं होतं: "रात्री ग्रुपवर नसलो तर सकाळी मला कुणी काही सांगत नाही." सहानंतर शिक्षकांचे संदेश थांबवता आले, हे आम्हाला थांबवता येत नाही. पुढच्या पालकसभेत तो कागद आम्ही वाचून दाखवणार आहोत.